तोकियोंतील शिवोत्सव आणि आशियाखंडनिष्ठा

कोणतेंहि धर्मकृत्य आरंभितांना आपण जो संकल्प उच्चारतों त्यांत कर्त्याचें स्थान सांगण्याचा एक ठराविक क्रम आहे. प्रथम द्वीप, मग वर्ष, मग खंड, त्यानंतर देश, नदीचें तीर आणि अखेरीस गांव. या क्रमांत जंबुद्वीप आधीं येतें आणि गोदावरीचें किंवा कृष्णेचें तीर शेवटीं. परंतु नित्य जंबुद्वीपाचें नांव घेणारा आमचा पूर्वज त्या द्वीपासाठीं तरवार उपसून कधीं निघाला नाहीं. द्वीप हें त्याचें ठिकाण होतें. निष्ठेचें पात्र नव्हतें. निष्ठा होती ती धन्याशीं, वतनाशीं, कुलदैवताशीं आणि क्वचित् महाराष्ट्रराज्याशीं.

राष्ट्राहून वरचढ अशी निष्ठा एका सबंध भूखंडास वाहावी, ही कल्पना अलीकडची आहे. ती आपल्याकडे कोठून आली, कोणाच्या उपयोगी पडली आणि कोणास महाग पडली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय आशियाचा असला तरी त्याचा एक धागा श्रीशिवछत्रपतींच्या नांवाशीं गुंतलेला आहे. तो धागा आपल्या संशोधकांच्या फारसा नजरेंत आलेला दिसत नाहीं, म्हणून हा खटाटोप.

प्रथम नांवाविषयीं. 'आशिया' हा शब्द या खंडांतील कोणत्याहि मोठ्या भाषेचा नव्हे. तो ग्रीकांचा. हिरोडोटसाच्या काळींच तो इतका रूढ झाला होता कीं, मुळांत एकच असलेल्या पृथ्वीस तीन स्त्रियांचीं नांवें कां दिलीं हें आपणांस कळत नाहीं, असें तो इतिहासकार लिहून गेला आहे. युरोप व आशिया यांच्यामध्यें उरल पर्वताची रेघ मारण्याची रूढि तर अठराव्या शतकांतील. स्ट्राहलेनबर्ग नांवाच्या स्वीडिश लष्करी गृहस्थानें आणि तातिश्चेव्ह नांवाच्या रशियनानें ती सुचविली. भूगोलाच्या तासाला ही रेघ नकाशावर काढून घेण्यांत प्रस्तुत लेखकाचीं बरींच वर्षें गेलीं. "ही रेघ जमिनीवर दिसते का?" असें एका मुलानें विचारलें होतें, त्यास त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं.

चीन देशांत हें नांव मातेओ रिच्ची या जेझुइट पाद्र्यानें इ. स. १६०२ मध्यें पेकिंग येथें छापविलेल्या मोठ्या जगन्नकाशानें रुळलें. त्यानें 'आशिया'चे उच्चार चिनी अक्षरांत बसविले. तोच नकाशा पुढें जपानांत गेला व तींच अक्षरें तिकडेहि चालूं लागलीं. आपल्याकडे शाळाखात्याच्या भूगोलपुस्तकांनीं पुराणांतील 'खंड' शब्द उचलून त्यास हा नवा अर्थ चिकटविला. पुराणांत खंड म्हणजे वर्षाचा किंवा द्वीपाचा एक तुकडा. आतां तुकड्यानेंच सगळें द्वीप गिळलें. सारांश, ज्या नांवाखालीं पुढें पूर्वेकडील लोकांस एक होण्याची हांक दिली गेली, तें नांव त्यांस पश्चिमेकडील लोकांनींच दिलेलें होतें.

या नांवास राजकीय अर्थ आला तो जपानांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तेथें एकाच वेळीं दोन उलट्या दिशांचे विचार निघाले. ता. १६ मार्च १८८५ च्या 'जिजी शिंपो' पत्रांत एक निनांवी अग्रलेख आला, तो फुकुझावा युकिची यांचा मानतात. जपाननें आशियाची संगत सोडावी, वाईट शेजाऱ्यांच्या सहवासानें आपलेंहि नांव खराब होतें, असा त्याचा आशय होता. हेंच फुकुझावा त्याआधीं कोरियांतील सुधारकांस हातभार लावीत होते. डिसेंबर १८८४ मध्यें त्या सुधारकांचा उठाव तीन दिवसांत चिरडला गेला, आणि त्या निराशेंतून हा लेख निघाला, हें ध्यानांत ठेवल्यावांचून त्याची कटुता समजत नाहीं.

उलट दिशेस तारुई तोकिची हा गृहस्थ होता. त्यानें १८९३ त एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत जपान व कोरिया यांनीं बरोबरीच्या नात्यानें एक होऊन 'दाइतो' म्हणजे 'महापूर्व' हें नवें नांव घ्यावें व चीनशीं सख्य जोडावें, असें सुचविलें होतें. कोणा एकाचें नांव दोघांच्या डोक्यावर बसूं नये म्हणून हें तिसरें नांव. ग्रंथ जपानी भाषेंत न लिहितां अभिजात चिनींत लिहिला, तोहि कोरियन व चिनी विद्वानांस वाचतां यावा म्हणूनच. हेतु स्वच्छ होता असें मानण्यास प्रत्यवाय नाहीं. पण ऑगस्ट १९१० मध्यें जपाननें कोरिया गिळला, त्याच वर्षीं हा ग्रंथ पुन्हा छापला गेला, आणि बरोबरीच्या नात्याचीं पानें गिळंकृत करण्याच्या समर्थनास लावलीं गेलीं. ग्रंथाचा अर्थ ग्रंथकारापाशीं राहत नाहीं, याचें याहून ठसठशीत उदाहरण या लेखकाच्या पाहण्यांत नाहीं.

ओकाकुरा काकुझो यांचें नांव आपल्याकडे अधिक परिचित. १९०२ त ते हिंदुस्थानांत येऊन कलकत्त्यास ठाकूर घराण्याच्या सहवासांत राहिले. पूर्वेच्या ध्येयांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ त लंडनमध्यें भगिनी निवेदितांच्या प्रस्तावनेसह निघाला. सगळा आशिया एकच आहे, या प्रतिपादनानेंच त्याचा आरंभ होतो. चित्रकला, बौद्ध धर्म, वेदान्त यांच्या आधारें हें ऐक्य त्यांनीं मोठ्या तन्मयतेनें मांडलें आहे. मात्र दुसऱ्याच वर्षीं जपानच्या जागृतीवर त्यांनीं जो ग्रंथ लिहिला त्यांत कोरियावरील जपानचा हक्क प्राचीन कथांच्या आधारें सांगितला आहे. दोन्हीं पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावींत.

केवळ लेखणीनें नव्हे, तर देहानें ही निष्ठा पाळणाराहि एक जपानी माणूस होता. कुमामोतो प्रांतांतील मियाझाकी तोतेन (जन्म १८७१). चीनची क्रांति म्हणजेच आशियाची मुक्ति, असें मानून त्यानें आपला सर्व संसार सुन यत्-सेन यांच्या कार्यापायीं उधळला. फिलिपिनी बंडवाल्यांसाठीं बंदुका घेऊन निघालेलें 'नुनोबिकी मारू' जहाज जुलै १८९९ मध्यें समुद्रांत बुडालें. त्या खटपटींत हाहि होता. हातचें सर्व गेल्यावर तो शामिसेन वाद्याच्या साथीवर वीरकथा गाणाऱ्या मंडळींत, म्हणजे आपल्याकडील शाहिरांच्या फडासारख्या मंडळींत, सामील झाला आणि १९०२ त त्यानें आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. अशीं माणसें सरकारें चालवीत नाहींत. त्यामुळें त्यांची निष्ठा निष्कलंक राहते.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. मे १९०५ च्या अखेरीस त्सुशिमाच्या सामुद्रधुनींत रशियाचें आरमार बुडालें आणि पुण्यापासून कैरोपर्यंत वर्तमानपत्रांनीं आनंद केला. तो साहजिक होता. पण त्यानंतर तीन महिन्यांच्या आंतच, ता. १२ ऑगस्ट १९०५ रोजीं लंडनमध्यें इंग्लंड-जपान तहाचें नूतनीकरण झालें. त्या तहाच्या तिसऱ्या कलमानें इंग्लंडनें कोरियांतील जपानचें वर्चस्व मान्य केलें; लगतच्या चौथ्या कलमानें जपाननें हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या रक्षणांतील इंग्लंडचा हितसंबंध मान्य केला. दस्तऐवज वाचण्याची ज्यांस संवय आहे त्यांस या दोन कलमांचें शेजारपण पुरेसें बोलकें वाटेल. एका हातानें कोरिया, दुसऱ्या हातानें हिंदुस्थान, आणि साक्षीला सारा आशिया.

या तहास दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं, अशा वेळीं एप्रिल १९०७ मध्यें तोकियोंतील भारतीयांनीं तोरानोमोन भागांतील एका कन्याशाळेंत श्रीशिवाजी महाराजांचा स्मरणोत्सव केला. लो. टिळकांनीं १८९५ त 'केसरी'तून चालना दिलेला आणि १८९६ त रायगडावर झालेला उत्सव सखाराम गणेश देउस्कर यांच्या खटपटीनें बंगाल्यांत गेला होता. १९०४ त रवींद्रनाथांनीं त्यावर काव्य लिहिलें, आणि जून १९०६ त टिळक व खापर्डे कलकत्त्याच्या उत्सवास हजर होते. औद्योगिक शिक्षणासाठीं जपानांत विद्यार्थी पाठविणारी संस्थाहि १९०४ त कलकत्त्यासच निघाली होती. तेव्हां रायगडाहून निघालेला हा उत्सव हुगळीच्या मार्गानें तोकियोस पोंचला असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

या सभेची हकीकत आपल्याला मिळते ती एका चिनी पंडिताच्या लेखणींतून. चांग पिंगलिन (जन्म १८६९) हे अभिजात चिनी भाषेचे व शब्दशास्त्राचे नामांकित विद्वान्. मांचू बादशहाविरुद्ध लिहिल्याबद्दल त्यांस शांघाय येथें १९०३ पासून १९०६ पर्यंत कारावास झाला. तुरुंगांत त्यांनीं ह्युएनत्संगानें भाषांतरिलेले योगाचार पंथाचे ग्रंथ वाचून काढले आणि सुटतांच जपानांत येऊन क्रांतिपक्षाच्या 'मिन पाओ' पत्राचें संपादकत्व घेतलें. त्या पत्राच्या तेराव्या अंकांत हिंदुस्थानच्या शिवाजी राजाच्या स्मरणसभेचा वृत्तान्त त्यांनीं आपल्या नांवानें दिला आहे.

त्यांत 'शिवाजी' हें नांव चिनी अक्षरांत कसें उतरविलें आहे, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तीन अक्षरें आहेत. पहिल्याचा स्वतंत्र अर्थ 'पश्चिम'. दुसरें अक्षर म्हणजे प्राचीन बौद्ध भाषांतरकारांनीं 'ब्राह्मण' शब्दाच्या लिप्यंतरांत पहिल्या स्थानीं योजलेलें अक्षर. तिसरें, बुद्धाचा वैद्य जो जीवक, त्याच्या नांवांतील 'जी'साठीं योजलेलें. अर्थात् चांग यांनीं शिवछत्रपतींचें नांव इंग्रजी स्पेलिंगावरून घेऊन वाटेल तसें लिहिलें नाहीं. हजार-पंधराशें वर्षांपूर्वीं संस्कृत ग्रंथांसाठीं बनविलेल्या मातृकेंत तें बसविलें. ह्युएनत्संगानें पुलकेशीच्या महाराष्ट्राचें वर्णन केलें त्यास साडेबाराशें वर्षें होऊन गेल्यावर त्याच्याच ग्रंथांवर पोसलेल्या एका चिनी पंडितानें महाराष्ट्राच्या राजाचें नांव त्याच अक्षरपरंपरेंत नोंदवावें, हा योग विलक्षण खरा. 'आशिया' हें नांव रिच्चीच्या नकाशांतून आलें. 'शिवाजी' हें नांव जुन्या वाटेनें गेलें.

चांग यांस या उत्सवाचें आकर्षण कां वाटावें हेंहि उघड आहे. 'मुघल' हा शब्दच 'मोंगल' शब्दाचा फारसी अवतार. चीनवर पूर्वीं मोंगलांनीं राज्य केलें होतें व त्या वेळीं मांचू करीत होते. परकी बादशाहीविरुद्ध उठून स्वराज्य स्थापणारा राजा त्यांस आपल्याच चळवळीचा पूर्वपुरुष वाटला असावा. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक येथें थोडा थबकेल. कारण महाराजांचा पहिला झगडा आदिलशाहीशीं होता, आणि दरबारांची त्या काळची गुंतागुंत या साच्यांत सगळी मावत नाहीं. पण दूरच्या देशांत वीरपुरुष जातो तो सगळा जात नाहीं; तेथील लोकांस जेवढा लागतो तेवढाच जातो.

सभेस ओकुमा शिगेनोबू हजर होते. हे साधे गृहस्थ नव्हत. माजी मुख्य प्रधान, वासेदा विद्यापीठाचे संस्थापक, १९०३ त स्थापन झालेल्या जपान-भारत संघाच्या प्रवर्तकांपैकीं एक. १८८९ मध्यें परराष्ट्रमंत्री असतां तहांच्या प्रश्नावरून गेन्योशा या जहाल मंडळाच्या एका सभासदानें टाकलेल्या बाँबनें त्यांचा एक पाय गेला होता. असा वजनदार पुरुष आपल्या उत्सवास आला याचा विद्यार्थ्यांस काय आनंद झाला असेल! परंतु चांग यांच्या वृत्तान्तानुसार ओकुमांच्या भाषणाचा मथितार्थ असा कीं, इंग्रज बादशहाचें हिंदुस्थानावरील राज्य अत्यंत दयाळू आहे. भारतीयांनीं समाजसुधारणा करावी, इतरांस दोष देऊं नये, आणि दंगेधोप्याचा विचार मनांत आणूं नये.

शिवजयंतीच्या निमित्तानें जमलेल्या मंडळीस हा उपदेश! चांग यांनीं आपला संताप लपविलेला नाहीं. वर सांगितलेलें चौथें कलम ज्यानें वाचलें आहे त्यास मात्र आश्चर्य वाटणार नाहीं. ओकुमा त्या वेळीं अधिकारावर नव्हते, तरी बोलले ते तहाचीच भाषा. आपल्याकडे शिवोत्सव परदेशीं पोंचल्याचा अभिमान धरणाऱ्यांनीं ही दुसरी बाजूहि नमूद करून ठेवावी. उत्सवाचा मान झाला, पण तो ज्या कारणासाठीं केला होता त्याचा अव्हेर त्याच व्यासपीठावरून झाला.

त्याच वर्षीं तोकियोंत चांग व त्यांचे मित्र यांनीं भारतीयांच्या सहकार्यानें आशियाई सख्याची एक मंडळी काढली. तिची घटना उपलब्ध आहे. तींत लिहिलें आहे तें असें: साम्राज्यशाहीस विरोध करणें व स्वातंत्र्य गमावलेल्या आशियाई लोकांनीं तें परत मिळविणें हा उद्देश, आक्रमणाचा पुरस्कार करणारे सोडून कोणताहि आशियाई मनुष्य सभासद होऊं शकतो, मग तो राष्ट्रवादी असो, प्रजासत्ताकवादी असो, समाजसत्तावादी असो कीं अराजकवादी असो. येथें खंडनिष्ठेची व्याख्या नकाशावरून केलेली नाहीं, आचरणावरून केली आहे. आणि राष्ट्राची निष्ठा बाजूस सारावयास सांगितलेली नाहीं. आधीं प्रत्येकाचें राष्ट्र, मग सर्वांचें खंड. प्रस्तुत लेखकाच्या मतें या विषयावरील साऱ्या वाङ्मयांत एवढा नेमका कागद दुसरा नाहीं.

घटना चिनी व इंग्रजी अशा दोन भाषांत होती. चिनी, जपानी, कोरियन आणि अन्नामी विद्वान् एकमेकांचें बोलणें समजत नसतांहि कागदावर चिनी अक्षरें लिहून संभाषण करीत. १९०५ त जपानांत आलेला अन्नामी देशभक्त फान बोइ चाउ याच रीतीनें तेथील पुढाऱ्यांशीं बोलला. भारतीय त्या कुंचल्याच्या संभाषणांत बसूं शकत नव्हते. त्यांच्यासाठीं इंग्रजी प्रत. आशियाच्या मुक्तीची प्रतिज्ञा भारतीयांस इंग्रजींत वाचावी लागली, आणि आजहि स्थिति फारशी वेगळी नाहीं. चांग यांस ही उणीव बोंचली असली पाहिजे, कारण १९०९ त त्यांनीं तोकियोंतच एका भारतीयाकडून संस्कृत शिकण्याचा वर्ग काढला. पुढें नामांकित लेखक झालेला चौ त्सो-जेन हा त्या वर्गास दोनदां जाऊन आला आणि हें आपल्यानें होणार नाहीं म्हणून त्यानें तें सोडून दिलें, असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. चाळीस वर्षें वर्गांत रूपावली घोकून घेतलेल्या माणसास त्या विद्यार्थ्याबद्दल रागहि येत नाहीं.

मंडळीच्या बैठकांस साकाई तोशिहिको, ओसुगी साकाए यांच्यासारखे जपानी समाजसत्तावादी येत असत. आणि येथेंच कसोटीचा प्रसंग आला. कोरियन लोकांनीं सांगितलें कीं जपानी येणार असतील तर आम्ही येणार नाहीं. जुलै १९०७ मध्यें जपाननें कोरियाच्या राजास गादीवरून उतरविलें, हें लक्षांत घेतां त्यांचें म्हणणें अन्यायाचें नव्हतें. पण ज्या जपान्यांस त्यांनीं टाळलें ते आपल्या सरकारचे शत्रु होते. १९०८ त साकाई व ओसुगी तुरुंगांत गेले. त्यांच्या वर्तुळांतील कोतोकु शूसुई यास जानेवारी १९११ मध्यें राजद्रोहाच्या खटल्यांत फांशीं दिलें. ओसुगीस १९२३ च्या भूकंपानंतरच्या गोंधळांत लष्करी पोलिसांनीं ठार केलें. 'मिन पाओ' १९०८ च्या ऑक्टोबरांत मांचू सरकारच्या मागणीवरून बंद पाडण्यांत आलें. फ्रान्सशीं १९०७ त केलेल्या कराराला अनुसरून जपाननें अन्नामी विद्यार्थ्यांस व १९०९ त फान बोइ चाउ यास देशाबाहेर घालविलें. मंडळी तत्पूर्वींच विखुरली होती.

हें सर्व पाहतांना कौटिल्याच्या राजमंडलाची आठवण होते. लगतचा शेजारी तो अरि. त्याच्या पलीकडचा तो मित्र. अर्थशास्त्रांतील हा नियम खंडनिष्ठेस लावून पाहावा. कोरिया जपानच्या लगतचा, म्हणून त्यास आशियाचें नांव ऐकतांच धास्ती. चीन जरा मोठा व जरा दूर, म्हणून तेथें दुमत. हिंदुस्थान फार दूर आणि त्याचा अरि इंग्रज, म्हणून त्सुशिमाचा आनंद येथें सर्वांत अधिक. खंडप्रेम अंतराच्या प्रमाणांत वाढतें. हा नियम सर्वस्वी लागू पडतो असें म्हणवत नाहीं, कारण मियाझाकी व ओसुगी त्यांत बसत नाहींत. पण सरकारांस तो चांगला लागू पडतो.

ओकुमा १९१४ त पुन्हा मुख्य प्रधान झाले. जानेवारी १९१५ मध्यें त्यांच्याच सरकारनें चीनपुढें त्या सुप्रसिद्ध एकवीस मागण्या ठेवल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस, इंग्रजांच्या आग्रहावरून, रासबिहारी बोस यांस देश सोडण्याचा हुकूम त्यांच्या सरकारनें काढला. बोसांस लपविलें तें तोयामा मित्सुरू यानें. हा गेन्योशा मंडळाचा पुढारी, म्हणजे ओकुमांचा पाय घेणाऱ्या मंडळाचाच! आश्रय दिला एका पावरोटीच्या दुकानदार दंपतीनें. तोयामा हा कोरिया व मांचुरियांत जपानचा पसारा वाढवावा या मताचा कट्टर पुरस्कर्ता. तेव्हां भारतीय क्रांतिकारकाचे प्राण वाचविणारा हात आणि कोरियाच्या गळ्यावरील हात एकच होता. रासबिहारींनीं उपकार मानले यांत त्यांचें काय चुकलें? चुकलें नाहीं. पण कोरियन मनुष्य हीच कथा वेगळी सांगेल, आणि त्याचेंहि चुकणार नाहीं.

सुन यत्-सेन यांचें ता. २८ नोव्हेंबर १९२४ चें कोबे येथील भाषण, योगायोगानें तेंहि एका कन्याशाळेंत झालेलें, या विषयांतील सर्वांत गाजलेलें. पूर्वेची परंपरा धर्मानें राज्य करण्याची व पश्चिमेची बळानें, असा भेद त्यांनीं केला. कौटिल्याचा धर्मविजयी व असुरविजयी येथें ओळखीचे वाटतात. मात्र कौटिल्यानें दोन्ही प्रकारचे राजे एकाच भूमीवर पाहिले होते, दिशेवरून वांटले नव्हते. भाषणाच्या शेवटीं जपाननें पश्चिमेच्या बळाचा हस्तक व्हावें कीं पूर्वेच्या धर्माचा आधारस्तंभ, हें जपानी लोकांनींच ठरवावें, असें आव्हान आहे. पोथीसंग्राहकांस येथें एक पाठभेद सांगावासा वाटतो. त्या वेळच्या जपानी वृत्तपत्रांतील पाठांत हा शेवट नाहीं. तो शांघायच्या पत्रांत पुढील महिन्यांत छापलेल्या पाठांत आढळतो. म्हणजे ज्यांस उद्देशून आव्हान होतें त्यांनीं तें ऐकलें कीं नाहीं, हाच वाद आहे. १२ मार्च १९२५ रोजीं सुन वारले. ऑगस्ट १९२६ मध्यें नागासाकी येथें आशियाई लोकांची परिषद भरली, तींत रासबिहारीहि होते. चिनी प्रतिनिधींनीं पहिलाच विषय काढला तो एकवीस मागण्यांचा.

आपल्या राष्ट्रसभेंतहि ही कल्पना आली. १९२२ च्या गया येथील अध्यक्षीय भाषणांत देशबंधु दासांनीं आशियाई संघांत हिंदुस्थाननें सामील व्हावें असें सुचविलें. परंतु त्या सूचनेची खरी परीक्षा ठरावांनीं झाली नाहीं, १९३७ सालच्या चीन-जपान युद्धानें झाली. १९३८ त जपानी कवि योने नोगुची यानें रवींद्रनाथांस लिहिलें कीं हें युद्ध आशिया आशियावाल्यांसाठीं राखण्याचें आहे. रवींद्रनाथांनीं तें तीव्र शब्दांत नाकारलें. त्याच वर्षीं राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक चीनला पाठविलें. पांचांत दोन महाराष्ट्रांतले: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस परत आले नाहींत. ९ डिसेंबर १९४२ रोजीं उत्तर चीनमध्यें त्यांचें देहावसान झालें. आशियाखंडाच्या नांवानें एका बाजूस फौजा होत्या आणि दुसऱ्या बाजूस हा सोलापूरचा शल्यवैद्य होता.

५ व ६ नोव्हेंबर १९४३ रोजीं तोकियोंत बृहत्पूर्व-आशियाची परिषद भरली. मांचुको, नानकिंग, सयाम, फिलिपीन, ब्रह्मदेश यांचे प्रतिनिधि आले. नेताजी सुभाषचंद्र निरीक्षक म्हणून होते. कोरियाची खुर्ची नव्हती. कारण कोरिया जपानच मानला जात होता. मार्च १९४२ पासून अंदमान बेटें जपान्यांच्या ताब्यांत होतीं. म्हणजे मंडलनियमानें जपान आतां आपल्या लगतचा झाला होता. डिसेंबर १९४३ च्या अखेरीस नेताजींनीं पोर्ट ब्लेअर येथें ध्वज उभारला. आणि ३० जानेवारी १९४४ रोजीं हंफ्रीगंज येथें जपानी शिपायांनीं हेरगिरीच्या संशयावरून चव्वेचाळीस भारतीयांस गोळ्या घातल्या. या दोन प्रसंगांमध्यें अवघा एक महिना गेला होता.

मार्च-एप्रिल १९४७ मध्यें दिल्लीस जुन्या किल्ल्यांत आशियाई परिषद भरली, तेव्हां भिंतीवरील मोठ्या नकाशांत तिबेट चीनच्या बाहेर दाखविल्याबद्दल चिनी प्रतिनिधींनीं हरकत घेतली व नकाशा दुरुस्त करावा लागला. त्यापुढील हकीकत वाचकांच्या परिचयाची आहे.

आतां संग्राहकांस एक विनंति. १९०४ ते १९१० या सुमारास जपानांत शिक्षणासाठीं किंवा व्यापारासाठीं गेलेल्या मराठी गृहस्थांचीं घरगुती पत्रें, रोजनिश्या, पाकिटें कोणाच्या दप्तरांत असल्यास तीं रद्दींत देण्यापूर्वीं एकवार पाहावींत. शिवोत्सवाचें निमंत्रणपत्र, सभेचा कार्यक्रम, उपस्थितांची यादी, छायाचित्र, कांहींहि चालेल. चांग यांचा वृत्तान्त चिनी पक्षाचा आहे. ज्यांनीं तो उत्सव केला त्यांच्या हातची एक ओळ मिळाली, तर ओकुमांचें भाषण संपल्यावर त्या कन्याशाळेच्या दालनांत टाळ्या पडल्या कीं नाहीं, एवढें तरी समजेल. कागद बाळबोध असो कीं मोडी, मूळ प्रत परत करण्याच्या बोलीवर नक्कल करून घेण्यास प्रस्तुत लेखक स्वखर्चानें येण्यास तयार आहे.